पोतं न मावणारी गाडी

मोटारगाडीची पारख कशी करावी याविषयी जगात दोनच विचारसंप्रदाय आहेत: एक सगळ्या जगाचा आणि दुसरा आमच्या साडूंचा. जग गाडीकडे पुढून जातं. बॉनेट उघडतं, आत डोकावून काही कळल्यासारखी मान हलवतं, टायरला लाथ मारतं आणि मग ॲव्हरेज विचारतं. आमचे साडू मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसतात, दार लावून घेतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या मालकाला आधी वाटतं, गिऱ्हाईक विचारात पडलंय. मग वाटतं, गिऱ्हाइकाला बरं वाटत नाहीये. शेवटी तो काचेवर टकटक करतो. साडू काच खाली करून म्हणतात, "जरा थांबा की. बसलोय न्हवं." या संप्रदायाला संस्थापकाखेरीज अजून एकही अनुयायी मिळालेला नाही, आणि संस्थापकाला क्लच म्हणजे नेमकं काय हे सांगता येत नाही.

साडूंची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. आडतीत पोत्याचं तोंड उघडून माल कुणी बघत नाही, कारण तोंडाशी माल नेहमीच टपोरा असतो. एक टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, मधले दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची आणि मग भाव बोलायचा. ही नळी आधी साडूंच्या वडिलांच्या हातात होती. ती यांच्या हातात आली आणि काही वर्षांत हातातून डोक्यात गेली. तेव्हापासून समोर दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही.

माझ्या मेव्हणीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. बैठकीत सगळे पोहे खात होते, माझे सासरे घराण्याची माहिती देत होते, आणि हे हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेले ते तिथं भांडी घासणाऱ्या बाईंशी बोलत बसले. परत येऊन म्हणाले, "पसंत हाय." मुलगी अजून बाहेर यायची होती. त्या बाईंनी काय सांगितलं हे मेव्हणी अजूनही विचारते आणि साडू अजूनही सांगत नाहीत. पुढे घर घेताना बिल्डर त्यांना दर्शनी हॉलमधला नक्षीदार झुंबर दाखवत होता, तर यांनी मागच्या खोलीत सतरंजी अंथरून दुपारची झोप काढली. उठल्यावर म्हणाले, "पंखा न्हाई तरी लागली. घिऊ." थोरल्या मुलीला क्लास लावायची वेळ आली तेव्हा तर सगळं लातूर फलकांवरचे गुणवंतांचे फोटो मोजत हिंडत होतं. साडू एका क्लासमध्ये शिरले आणि शेवटच्या बाकावर बसून फिजिक्सचा अख्खा तास ऐकला. मी विचारलं, "काय कळलं?"

"फिजिक्स न्हाई कळलं. पन शेवटच्या बाकावरचं पोरगं जागं व्हतं."

थोरली त्याच क्लासला गेली.

असा हा माणूस पन्नाशीला आला आणि एके दिवशी नांदेडला आमच्या घरी जेवताना, भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं इतक्या सहज म्हणाला, "सर, एक स्पोर्ट्स गाडी बघायची हाय. जुनी चालंल. तुमी संगं या. तिथं इंग्रजी बोलनारे लोक आस्तेत."

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांशी माझे संबंध बेताचेच आहेत. तरी शंका म्हणून मी विचारलं, "आप्पा, स्पोर्ट्स गाडीत दोनच माणसं बसतात ना?"

"म्हनून तर बघायची हाय. दोघांचीच पायजे आस्ती तर फोनवरच ठरवली आस्ती."

"पण स्पोर्ट्सच कशाला? चांगली मोठी, उंच गाडी घ्या. सगळे तीच घेतायत."

साडूंनी घास खाली ठेवला. "सर, आजपर्यंत मी ज्या गाडीत बसलो तिच्यात माझ्या आधी तूर बसली. ट्रॅक्टर म्हना, जीप म्हना, टेम्पो म्हना, ह्यो आत्ताचा पिकअप म्हना. मोठी गाडी घेतली की लोक पोतं घिऊन दारात येतेत. आप्पा, जरा एवढं निलंग्याला टाका. मला आशी गाडी पायजे की पोतं ठिवावं म्हनलं तरी मावू नये. पन अव्वा बसली पायजे."

अव्वा म्हणजे साडूंच्या मातोश्री. माहेर निलंग्याकडचं, कर्नाटकाच्या सीमेला लागून, त्यामुळे रागावल्या की कानडीत जातात आणि आपण कशाबद्दल बोलणी खातोय हे समोरच्याला कळत नाही. गुडघे वाकत नाहीत. वजन विचारायचं धाडस मी केलेलं नाही, पण पोतं आणि अव्वा यांच्या आकारमानात जो काही फरक आहे तो अव्वांच्या बाजूनं आहे. पोतं मावणार नाही आणि अव्वा मावतील अशी जागा कुठल्याही भूमितीत सापडणं अवघड होतं. हे मी बोलून दाखवलं नाही. माझी बायको मात्र आतून म्हणाली, "अव्वांना कुणी विचारलं का?"

विचारलं होतं. अव्वा म्हणाल्या होत्या, "घे. पन मला सोडून फिरायला न्यायची आसंल तर दारात लावू नको."

जेवणानंतर बायका आत गेल्या आणि आम्ही ओसरीवर सुपारी कातरत बसलो, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. साडू अडकित्त्याकडे बघत म्हणाले, "थोरलीचा निकाल येईल आता. डॉक्टरकीला कुठंबी नंबर लागला की गेली ती. मंग पाव्हन्यावानी येनार, चार दिस ऱ्हानार, जानार. सर, आमी पाचजन आजपर्यंत कवाच एका गाडीत बसलो न्हाई."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. लग्न असो, बारसं असो, कपिलधारची यात्रा असो; बायका-मुलं एसटीनं पुढे आणि हे मागून पिकअपमध्ये, सामानासकट. मालाला सोबत लागते आणि ती सोबत नेहमी मालकाची असते.

"एकदाच," साडू म्हणाले. "मी चालवायलोय, ते चौघं बसलेत, मागं माल न्हाई. ती जायच्या आत. एवढंच."

इतकं मनातलं बोलल्याची बहुधा त्यांना लाज वाटली, कारण लगेच त्यांनी सोयाबीनला यंदा भाव कसा नाही हे सांगायला घेतलं.

गाडी बघायला सगळं घर जायचं. साडूंचं म्हणणं साफ होतं: ज्यांना बसायचंय त्यांनी बसून बघावं. पुढे ऑटोत अव्वा, मेव्हणी, दोन्ही मुली आणि धपाट्यांचा डबा. मागे मोटारसायकलवर साडू आणि मी. नांदेडच्या बाहेर जुन्या परदेशी गाड्या विकणारं एक दुकान आहे, तिथं आम्ही पहिल्यांदा गेलो. काचेचं दालन, थंडगार हवा, आणि टाय लावलेले एक गृहस्थ. त्यांनी पिवळ्या रंगाची, दोन दारांची, जमिनीला लागलेली एक गाडी दाखवली आणि तिच्या अश्वशक्तीबद्दल बोलायला सुरुवात केली. ते दोनशेच्या पुढे गेले तेव्हा साडू मागच्या सीटवर पोचलेले होते आणि त्यांचे गुडघे कानांना लागलेले होते.

"मागे लहान मुलं अगदी आरामात बसतात," टायवाले म्हणाले.

"लहान मुलं कुठंबी आरामात बसतेत," साडू आतून म्हणाले. "अव्वाला घ्या."

पुढची सीट वाकवली. थोरलीनं आतून हात धरला, मेव्हणीनं बाहेरून आधार दिला, टायवाल्यांनी नुसताच "मॅडम, सावकाश" असा धीर दिला, आणि अव्वा आत गेल्या.

"अव्वा, कसं वाटायलंय?"

"देव्हाऱ्यात बसल्यावानी," अव्वा म्हणाल्या. "हालता येईना बघ."

येईना म्हणजे खरोखरच येईना. आत जाताना जी वळणं घेतली होती ती उलट्या क्रमानं घेणं त्या गुडघ्यांना जमत नव्हतं. दुकानातल्या मिस्त्रीनं शेवटी पुढची सीट बोल्ट खोलून काढायचं ठरवलं. ते काम चालू असताना अव्वांनी खिडकीतून डबा आत मागवला, एक धपाटा खाल्ला, एक मिस्त्रीला दिला आणि टायवाल्यांना लग्न झालंय का, मुलं किती, आई कुठं असते असं विचारून घेतलं. आई गावी एकटीच असते असं कळल्यावर त्या कानडीत गेल्या. आम्ही निघालो तेव्हा टायवाले ऑटोपर्यंत पोचवायला आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. मॅडमची आता अव्वा झाली होती.

दुसरी गाडी लातुरातल्याच एका क्लासच्या संचालकांची होती. या संचालकांचा हात बांधलेला फोटो शहरात इतक्या ठिकाणी आहे की बाहेरगावच्या माणसाला ते लातूरचे संस्थानिक वाटावेत. घराच्या फाटकावरही तोच फोटो होता, आणि त्याच्याखाली हात बांधून ते स्वतः उभे होते. गाडी काळी, चकचकीत, चार दारांची. अव्वा सहज बसतील अशी. मी मनात म्हटलं, सुटलो.

"शून्यावरून शंभरावर सहा सेकंदांत जाते," संचालक म्हणाले.

"लातुरात शंभरावर जायला रस्ता कुठंय?" अव्वांनी विचारलं.

साडू तोवर मागे बसले होते. त्यांनी सीटवरून हात फिरवला तर कुरकुर आवाज आला. "ह्ये काय?"

"प्लास्टिक," संचालक अभिमानानं म्हणाले. "कंपनीतून आलं तसंच आहे. चार वर्षांत मागे एक माणूस बसलेला नाही. सीट कोरी आहे बघा."

साडू गाडीतून उतरले, दार अगदी हळू लावलं, जसं कुणी झोपलं असेल त्या खोलीचं लावतात, आणि म्हणाले, "चला सर."

मोटारसायकलवर मी त्यांच्याशी भांडलो. अव्वा मावत होत्या, पोतं मावलं नसतं, निकाल लागलेला होता, प्रवेशाच्या याद्या आता कधीही लागणार होत्या. आणखी काय पाहिजे होतं?

"त्या गाडीला सवय न्हाई सर."

"कशाची?"

"मानसांची."

पुढचे काही आठवडे असेच गेले. उदगीरच्या एका गाडीत मागच्या सीटच्या जागी गाणी वाजवायची भलीमोठी पेटी बसवलेली होती. साडू तिच्यावरही बसून आले. एका गाडीत त्यांना मागं कुत्र्याचा वास आला, तो त्यांना चालला असता, पण कुत्रा पुढे बसायचा आणि बायको मागे, असं चौकशीत निघालं. धाकटी म्हणू लागली, "पप्पा, आपण एसटीच विकत घेऊ." मेव्हणी काही म्हणत नव्हती. माझी मेव्हणी जेव्हा काही म्हणत नाही तेव्हा ती काहीतरी करत असते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही आम्ही दर वेळी बेसावध असतो.

गाडी मिळाली ती रेणापूरला. पुण्यातली नोकरी सोडून शेती करायला परत आलेल्या एका इंजिनियरची होती. निळी, बुटकी, चार दारांची, सुरू केली की गुरगुरणारी. शेतीला स्पोर्ट्स गाडीचा उपयोग नाही हे त्याला एका हंगामात कळलं होतं. साडू नेहमीप्रमाणे मागे बसले, दार लावलं आणि सीट व पाठ यांच्या मधल्या फटीत त्यांनी हात घातला. पार कोपरापर्यंत. बाहेर आलं ते त्यांनी तळहातावर पसरलं: अर्धं बिस्किट, प्लॅस्टिकच्या गाईचा एक पाय, केसांची पिन आणि शेंगदाण्याची टरफलं. त्यांनी सवयीनं फुंकर मारली. टरफलं उडाली, बाकीचं राहिलं.

"घिऊ," साडू म्हणाले.

इंजिनियर ओशाळला होता. "माफ करा, मुलांनी कचरा केलाय. इंजिन बघता ना?"

"बघितलं की."

अव्वांना पुढच्या सीटवर बसवलं. सीट मागे सरकवली, पाठ थोडी वाकवली, आणि अव्वा कुणाच्याही मदतीशिवाय बसल्या आणि, मुख्य म्हणजे, उतरल्या. मग साडूंनी मोटारसायकलला बांधून आणलेलं हरभऱ्याचं पोतं सोडलं. मी इतका वेळ समजत होतो की ते कुणाला तरी पोचवायचं आहे. आम्ही दोघांनी ते डिकीत टाकायचा प्रयत्न केला. आडवं टाकलं, उभं टाकलं, तिरपं टाकलं. झाकण लागेना. साडूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"काळजी करू नका," इंजिनियर घाईनं म्हणाला, "मागची सीट फोल्ड केली की मावेल."

"फोल्ड करू नका!" साडू ओरडले.

गाडी दारात आली, अव्वांनी तिला विभूती लावली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि त्याच आठवड्यात थोरलीचा चंद्रपूरला नंबर लागला. हजर व्हायला दिवस थोडे होते. म्हणजे पाचजणांचा पहिला प्रवास आणि तिला पोचवायचा प्रवास एकच होणार होता. साडूंनी आखणी केली: लातूरहून नांदेडला आमच्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाडीनंच चंद्रपूर. आणि मग सगळ्यांना एक गोष्ट एकाच वेळी सुचली. गाडी बघताना इतके दिवस माणसं बसवून पाहिली, पोतं न बसवून पाहिलं, पण पोरीचं सामान कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पेटी, गादी, बादली, पुस्तकं, चटण्यांच्या बरण्या. थोरली म्हणाली, "गादी तिथं घेते मी." मेव्हणी म्हणाली, "बरण्या मांडीवर घेऊ."

"माल हिच्यात जानार न्हाई," साडू म्हणाले. विषय संपला. सामान पिकअपमध्ये चढलं. पुढे निळी गाडी आणि मागे पिकअप घेऊन महबूब, असं ठरलं. महबूब त्यांचा जुना ड्रायव्हर. मुलींना लहानपणी शाळेत सोडायला तोच न्यायचा.

आम्ही नांदेडला वाट बघत होतो. दुपारी गल्लीत आधी पिकअप शिरला. मी बघतच राहिलो, कारण तो साडू चालवत होते आणि शेजारी थोरली बसली होती. त्यांच्या मागे, पिकअपच्या बरोबर शेपटीला, निळी गाडी गुरगुरत येत होती. ती महबूब चालवत होता, ताठ बसून, लग्नात नवरदेवाची घोडी धरावी तसा. शेजारी अव्वा, मागे मेव्हणी आणि धाकटी. त्या तिघी उतरल्या, आत आल्या, पाणी प्यायल्या. पिकअपमधले दोघं उतरेनात. थोरली हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि साडू पुढच्या काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत मान हलवत होते.

मेव्हणीनं सांगितलं ते असं. बुटक्या गाडीत, वळणावळणाच्या रस्त्यावर थोरलीला मळमळायला लागलं. लोह्याच्या अलीकडे गाडी थांबवली. ती म्हणाली, "पप्पा, मी महबूबचाचाजवळ बसते. पिकअपमध्ये मला कधीच होत नाही." तशी ती गेली. साडू थोडं पुढे आले, आरशात पाहिलं, मागे दोघीच. पुन्हा गाडी थांबवली. उतरले, किल्ली महबूबच्या हातात दिली आणि पिकअपमध्ये चढले.

"आणि महबूब, तू मागे का राहिलास?" मी विचारलं. "ती गाडी तर केव्हाच पुढे यायला हवी होती."

महबूबला हा प्रश्नच कळला नाही. "मालक पुढं हायेत सर. ओव्हरटेक कसं मारायचं?"

म्हणजे मराठवाड्यातल्या वेगवान गाड्यांपैकी एक गाडी लोह्यापासून नांदेडपर्यंत पिकअपच्या मागून, पिकअपच्या चालीनं आली होती. त्या चालीबद्दल अव्वांचं मत विचारलं तर त्या म्हणाल्या, "झ्याक. पोटातलं पानी हाललं न्हाई."

संध्याकाळी ओसरीवर मी साडूंना म्हणालो, "आप्पा, पाच जणांचं राहूनच गेलं की."

"ऱ्हायलं," ते म्हणाले. त्यांनी अडकित्ता हातात घेतला. "पोरगी बोलायली व्हती, सर. तिच्या मैत्रिनी, हॉस्टेल, तिला कशाची भीती वाटायली, समदं. घरी एवढं बोलत न्हाई. बारावीची दोन वर्सं तर बोललीच न्हाई, आभ्यासच करायली." ते अडकित्ता उघडत-मिटत राहिले. सुपारी हातात नव्हती. "आपन म्हंतो, लातूर-नांदेड रस्ता लई लांबतो. कुठं लांबतो? लोह्यापासनं म्या थर्ड गिअरच्या वर टाकलीच न्हाई, तरी आलं की हो नांदेड."

फाटकाबाहेर निळी गाडी उभी होती आणि गल्लीतली माणसं येता-जाता तिच्या पुढच्या भागाकडे बघून जात होती. साडू म्हणाले, उद्या चंद्रपूरपर्यंत तिला पुढं बसवू, पुढं मळमळत न्हाई, अव्वाला मागं सरकवून घिऊ, जमंल. त्यांचं त्यांनाच ते पटत नव्हतं, तरी बराच वेळ ते कोण कुठं बसेल याची जुळवाजुळव करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन महबूब पिकअपनं निघाला आणि ते पाचही जण रेल्वेनं चंद्रपूरला गेले. तिकिटं माझ्या मेव्हणीनं नंबर लागला त्याच दिवशी काढून ठेवली होती. एकाच डब्यात, समोरासमोर.